चुलीनंतर पोहोचलेली कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. नुसता दगड म्हणू नका, मला राग येतो. जिला नव्या गावाच्या पायात मानाने बसवतात, जिच्यावर नाव कोरतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतात, तिला कोनशिला म्हणतात. यातले माझ्या नशिबी काय काय आले ते ऐकण्यासारखे आहे. मला शेवटी कुठे बसवले, हे मात्र आधी सांगणार नाही. तुम्ही हसाल.

माझा जन्म खाणीतला. सीताराम पाथरवटाने मला तासले, घासले आणि गुळगुळीत केले. "दगड गुणी आहे, कटकट करत नाही," असे तो बायकोला म्हणाला. तेव्हा मी वयाने लहान होते, म्हणून गप्प बसले. त्याने माझ्या अंगावर सुबक अक्षरांत कोरले, 'श्रमिक सहकारी वसाहत, सरोवरनगर'. त्याखाली त्याने थोडी जागा मोकळी ठेवली. तिथे राज्याचे नाव आणि पायाभरणीची तारीख यायची होती. त्या मोकळ्या जागेने माझ्या आयुष्याचा सगळा घोळ केला.

ते साल होते १९५६. परळला एक तुळसकर चाळ होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून आणखी एक चाळ होती. तिला सगळे मागची चाळ म्हणत. दोन्हीकडे गिरणीतली माणसे राहत. एका खोलीत इतकी माणसे की, झोपेत कूस बदलायची तर शेजारच्याला आधी कळवावे लागे. अशा माणसांनी एक स्वप्न पाहिले. ठाण्याच्या पलीकडे, डोंगरांच्या मध्ये एक तळे होते. त्या तळ्याकाठी जमीन घ्यायची, नीट नकाशा काढायचा आणि आपले गाव वसवायचे. दोन्ही चाळींनी मिळून जमीन घेतलीसुद्धा.

संस्थेचे अध्यक्ष होते बाबुराव. ते साचाखात्यात जॉबर होते, म्हणजे मागावर काम करणाऱ्यांचे मुकादम. भाषण करताना ते पुस्तकातले मराठी बोलत आणि चिडले की थेट मालवण गाठत. चिटणीस होता मागच्या चाळीतला भिवा. तो रिंगखात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, कामाला होता. बोलायचा कमी, पण बोलला की त्याचे म्हणणे लोकांना ऐकावे लागे. त्याने एकच अट घातली होती. "प्लॉट चिठ्ठ्या टाकून द्यायचे. गावाकडे आमचा वाडा वेशीबाहेर होता. इथं वेशीबाहेर कुणीच नको." बाबुराव लगेच म्हणाले, "मंजूर! भोंगा झाला की आपण सगळे एकाच गेटातून आत पळतो. मग गाव दोन कशाला?" नकाशा काढला हरेश्वरने. हा वरळीच्या कोळीवाड्यातला, गिरणीत नकाशे काढायच्या खात्यात होता. त्याने आखलेल्या गावात सरळ रस्ते होते, प्रत्येक घर सुटे होते आणि घराच्या चारी बाजूंना फुलझाडे होती. ती फुलझाडे त्याने रंगीत पेन्सिलीने काढली होती.

आणि मग होती राधाआजी. भिवाची ही आई सत्तरीला आलेली होती, अंगाने काटकुळी आणि जिभेने धारदार. तिच्याविषयी मी पुष्कळ बोलणार आहे, कारण तिच्याशी माझे जन्माचे भांडण आहे.

मी परळला आले त्या सुमारास एक मोठी गोष्ट घडली होती. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून माणसे रस्त्यावर आली होती, गोळ्या झेलून मेलीही होती. आणि तरी वरून हुकूम झाला की महाराष्ट्र आणि गुजरात मिळून एकच मुंबई राज्य राहील. गिरणगाव खवळले. तुळसकर चाळीच्या अंगणात सभा भरली. नळाजवळ मला ठेवले होते. बाबुरावांनी चपला काढल्या आणि ते माझ्यावर चढून उभे राहिले.

"बंधूंनो!" ते गरजले. "ह्या शिळेवर 'मुंबई राज्य' ही अक्षरं कोरली जाणार नाहीत. संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय सरोवरनगराची पायाभरणी नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगावर काटा आला. केवढा हा माझा मान! बाबुराव खाली उतरले, तेव्हा समोर राधाआजी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आणि तळं?" तिने विचारले.

"तळं कुठं जातंय, आजी?"

"तळं न्हाय जात. मी जाणार हाय. तुझा महाराष्ट्र कधी येतोय त्ये तुला तरी ठावं हाय का?"

"येतलो! आज ना उद्या येतलो!" बाबुराव एकदम मालवणात शिरले. "माझो शब्द म्हणजे शब्द!"

असा माझा मुक्काम नळाजवळ पडला. पहिले काही दिवस मला गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. मग ते गोणपाट कुणीतरी पाय पुसायला नेले. दुसऱ्या दिवशी राधाआजी धुण्याची बादली घेऊन आली, तिने मला वर-खाली न्याहाळले आणि काही विचारपूस न करता माझ्यावर लुगडे आपटले.

मित्रांनो, मी काय सांगू! नारळ फुटायचा त्या जागी साबणाचा फेस. मी मनात म्हटले, एवढ्यावर भागले तर बरे. पण कुठले भागते! काशीबाईंना, म्हणजे बाबुरावांच्या पत्नीला, शोध लागला की माझ्या कोरीव अक्षरांवर घासले की कॉलरचा मळ झटकन निघतो. झाले! 'श्रमिक'वर सदऱ्याच्या कॉलरी, 'सहकारी'वर लेंगे आणि 'सरोवर'मधल्या खोलगट भागात साबणाची वडी. सकाळी माझ्यावर धुणे आणि संध्याकाळी भाषण. एकदा एक वक्ते "आता आम्ही एक पाऊलही मागे घेणार नाही!" असे म्हणत होते. सकाळचा साबण माझ्या अंगावर तसाच होता. ते पाऊल मागे गेले, आणि नंतर वक्तेही गेले. सभा मात्र त्यामुळे फार यशस्वी झाली, असे सगळे म्हणत.

धुणे धुता धुता राधाआजी बोलत असे. एके दिवशी काशीबाईंनी तिला विचारले, "आजी, तुका तळ्याची एवढी घाई कित्याक? नळ आसा ना दारात."

राधाआजीने लुगडे पिळले आणि ती म्हणाली, "आमच्या गावाला पण तळं व्हतं, काशी. मी पोरगी असताना घडा घिऊन काठावर उभी ऱ्हायची. उन्हात. कुणाला दया आली तर तो वरनं आमच्या घड्यात वतायचा. तळ्याला हात लावायचा न्हाय. हितं आले तर हा नळ. ह्यो बी मेला वरनंच वततो! मला एकदा वाकून घ्यायचंय पानी. माझ्या हातानं, माझ्या घड्यात. मग मेले तरी चालंल."

 काशीबाईंनी तिच्या हातातले उरलेले धुणे आपल्याकडे ओढले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा राधाआजीचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने गोधडी आपटली, तेव्हा परत आला.

दिवस गेले, वर्षे गेली. निवडणुका झाल्या, मोर्चे झाले, महाराष्ट्र काही झाला नाही. बाबुराव शब्दाला पक्के. "पायाभरणी कधी?" असे कुणी विचारले की ते माझ्याकडे बोट दाखवीत. मीही ताठ पडून राही. आम्हा दोघांना वाटत होते की, गाव आमच्यासाठी थांबले आहे.

दिवाळीची सुट्टी आली. दोन्ही चाळींच्या बायकांनी बेत केला की, तळ्यावर जायचे, तिथेच तीन दगडांची चूल मांडून जेवण करायचे आणि परत यायचे. एक ट्रक ठरवला. बाबुरावांना संशय आला.

"पायाभरणी होण्यापूर्वी तिथे काहीही उभारायचे नाही," त्यांनी बजावले.

"पायाभरनी तुमी बाप्यांनी करा," राधाआजी ट्रकमध्ये चढता चढता म्हणाली. "चूल आमची. चुलीला कुठं राज्य लागतं?"

पुढचे मला दुसऱ्या दिवशी धुण्याबरोबर कळले. जेवण झाले, भांडी घासून झाली, ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. सगळ्या बायका चढल्या, राधाआजी चुलीपाशीच बसून राहिली. भिवा म्हणाला, "आये, चल." ती म्हणाली, "मी पाव्हनी न्हाय. मी ऱ्हायला आलीय." तिने येताना बोचक्यात गोधडी आणि घडा आणला होता, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. ती हटेना. शेवटी काशीबाईंची विधवा बहीण शेवंती ट्रकमधून उतरली आणि म्हणाली, "मी राहतंय म्हातारीबरोबर. परळाक माझी तरी कोण वाट बघता?"

अशी सरोवरनगराची स्थापना झाली. स्थापनेच्या वेळी कोनशिला कुठे होती? परळला. तिच्यावर बाबुरावांचा लेंगा होता.

एक चूल पेटली की दुसरी लांब राहत नाही. भिवाने सुट्टीच्या दिवशी जाऊन कुडाची झोपडी उभी केली. मग निवृत्त झालेले गिरणीवाले गेले, रोज काम मिळेलच याची खात्री नसलेल्या बदली कामगारांची बायकामुले गेली. मातीच्या भिंती आल्या, कौले आली. बाबुराव पाहणीला जाऊन आले आणि त्यांनी जाहीर केले, "हे सगळे तात्पुरते आहे." मग तात्पुरत्या घरांना तात्पुरते रस्ते झाले. तात्पुरत्या शाळेत तात्पुरत्या बाई आल्या. गणपती बसला, शेजारच्या ओट्यावर बुद्धजयंतीला दिवे लागले, खीर दोन्हीकडे वाटली गेली. शेवटी काशीबाईही शेवंतीच्या सोबतीला म्हणून गेल्या आणि तिथेच रमल्या. बाबुराव दर रविवारी तळ्यावर जाऊ लागले. "वसाहतीला आमची मान्यता नाही, मी केवळ जेवायला आलो आहे," असे ते दाराशीच सांगत. काशीबाई म्हणत, "बरां. हात धुया आता, ताट वाढलंय."

हरेश्वरची अवस्था याहून वाईट झाली. तो नकाशा घेऊन गेला आणि डोक्याला हात लावून बसला. प्लॉट चिठ्ठ्या टाकूनच वाटले होते, पण सुटे घर एकही नव्हते. प्रत्येकाने आपल्या प्लॉटच्या कडेला, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून घर बांधले होते. सगळ्यांची दारे समोरासमोर आणि पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब पडवी होती. परळची चाळ कुणीतरी उचलून जमिनीवर आडवी निजवावी, तसे गाव दिसत होते.

"अरे, चारी बाजूंना मोकळी जागा दिली होती ना मी?" हरेश्वर कळवळला. "फुलझाडं कुठं लावणार?"

"मोकळ्या जागेत झोप येत नाही रे," एक म्हातारा बदलीवाला म्हणाला. "शेजारचा घोरतोय हे ऐकू आलं की बरं वाटतं."

तिथल्या रस्त्यांची नावेही ऐका. तळ्याजवळची गल्ली म्हणजे तळमजला. तिच्या मागची पहिला माळा, तिच्या मागची दुसरा माळा. सगळे गाव सपाट जमिनीवर, आणि बायका एकमेकींना विचारत, "अगं, दुसऱ्या माळ्यावर जाऊन येते, येतेस का?"

यावरही कडी म्हणजे पाणी. एवढे थोरले तळे, काठ नजर पोहोचणार नाही इतका लांब. पण चाळीच्या माणसांना सवय एका नळाची. पहिल्या दिवशी शेवंतीने जिथून पाणी भरले, तिथूनच सगळ्यांनी भरायचे. पहाटे तिथे बादल्यांची रांग लागे आणि "माझा नंबर आधी" म्हणून भांडणे होत. दहा पावलांवर तेच पाणी होते, पण तिकडे कुणी जाईना. "नळ हितं हाय," असे लोक तळ्याविषयी म्हणत! रोजच्या त्या तुडवातुडवीने तेवढ्या काठाचा नुसता उतरता राडा झाला. तरुण बायका पदर खोचून कशाबशा उतरत. म्हाताऱ्यांचे ते काम नव्हते.

आणि राधाआजीचे नेमके तिथेच अडले. तळ्याकाठी घर झाले, दारातून पाणी दिसत होते, पण हात पोहोचत नव्हता. एकदा तिने कुणाला न सांगता उतरायचा प्रयत्न केला. ती बसल्या बसल्या घसरत खाली गेली आणि अर्ध्या वाटेत चिखलात रुतली. तीन लुगडी एकाला एक बांधून तिला वर ओढावे लागले. घडा फुटला. ती वर आल्यावर पहिले वाक्य बोलली ते असे, "हसताय काय, माझा नंबर गेला का बघा." पण त्या दिवसापासून भिवाने तिला काठावर जायला बंदी केली. सुट्टीत तो स्वतः आणि एरवी शेवंती पाणी आणून तिच्या नव्या घड्यात ओतू लागले. ती पाणी प्यायची, बोलायची नाही. शेवंती हे परळला येऊन सांगताना डोळे पुसत होती. "म्हणता, माझ्या पोरान वतलान तरी वरसूनच ना गो!"

माझ्या अंगावर कुणीतरी चादर आपटत होते, मला ती लागली नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार केला तो हा पहिला.

आणि मग महाराष्ट्र झाला! १ मे १९६०. परळ, लालबाग दिव्यांनी उजळले, पेढे वाटले गेले, माणसे रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. बाबुराव तर रडत होते आणि हसत होते. सीताराम पाथरवटाला बोलावणे गेले. त्याने माझ्यावरचा साबणाचा थर खरवडला आणि मोकळ्या जागेत कोरले, 'महाराष्ट्र राज्य'. खाली तारीख घातली. त्या छिन्नीचा प्रत्येक घाव मला गोड लागला. मी पूर्ण झाले. मला ट्रकवर ठेवले, झेंडूच्या माळा घातल्या, पुढे लेझीम, मागे ताशा. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यासारखा थाट कुणाचा नव्हता.

तळ्यावर ट्रक थांबला. ताशा थांबला. बाबुराव पांढरेशुभ्र धोतर आणि कोट घालून उतरले. त्यांनी चारी बाजूंना पाहिले. समोर घरे होती, शाळा होती, पडवीत माणसे टाळ्या वाजवत उभी होती.

"कोनशिला आणली!" ते म्हणाले. "चला, पाया दाखवा!"

टाळ्या थांबल्या.

"शाळेचो पायो?" बाबुरावांनी विचारले.

"शाळा उभी आसा, दिसत नाय?" काशीबाई म्हणाल्या.

"मग सभागृह?"

"त्याचं जोतं गेल्या महिन्यात भरलं," भिवा हळूच म्हणाला.

"अरे, मग पायो खय घालूचो?" बाबुरावांचा आवाज फुटला. "चार वर्षां मी हिका सांभाळलंय!"

लोक हसले. पण बाबुरावांचा चेहरा पाहून हसू आपोआप थांबले. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, आणि त्या शब्दाला आता जागाच उरली नव्हती. त्यांच्याइतकेच मलाही रडू येत होते. गर्दीतून राधाआजी काठी टेकत पुढे आली. तिने माझ्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांच्या धुण्याने तिला माझा उंचसखल भाग पाठ होता.

"बाबुराव, लेका, ही मला दे."

"आजी, ही कोनशिला आहे! धुण्याचा दगड नव्हे!"

"धुयाला नको. पाय ठिवायला दे. त्या चिखलात टाक. मला खाली उतरायचंय."

 तिला कशासाठी उतरायचे आहे, हे काशीबाईंनी बाबुरावांना कितीदा तरी सांगितले होते. त्यांनी कोट काढून काशीबाईंच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि ते चिखलात उतरले. मागोमाग भिवा आणि हरेश्वर. तिघांनी मला काठाशी आणले. आता मला ठेवणार, इतक्यात बाबुराव ओरडले, "थांबा! 'महाराष्ट्र' वर पाय पडतलो!"

'सहकारी'वर उभे राहून त्यांनी डझनावारी भाषणे ठोकली होती, तेव्हा त्यांना काही वाटले नव्हते. पण या शब्दाला पाय लागणे त्यांना सोसेना. मग एकच उपाय होता. त्यांनी मला उलटे केले. ज्या अक्षरांसाठी मी चार वर्षे साबण खाल्ला, ती अक्षरे माझ्या डोळ्यांदेखत चिखलात गेली. मित्रांनो, हसा आता. मी सांगितलेच होते.

राधाआजी खाली आली. तिने काठी भिवाकडे दिली, माझ्या पाठीवर आधी उजवा पाय ठेवला, मग डावा. तिची पावले थरथरत होती, म्हणून मी जेवढी घट्ट बसता येईल तेवढी घट्ट बसले. ती वाकली. तिने तळहात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मग घडा तिरका केला. गुडगुड आवाज करत पाणी आत गेले. एक ओंजळ तिने स्वतः प्यायली. काठावर सगळे गाव उभे होते आणि बादली ठेवल्याचासुद्धा आवाज नव्हता.

बाबुराव वर जाऊन उभे राहिले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळ्यांत पाणी. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "आजी, ह्या घड्यातलं पहिलं पाणी मला दे. तूच ओत."

राधाआजीने घडा कमरेवर घेतला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"वतनार न्हाय," ती म्हणाली. "ह्या गावात कुनी कुनाला वरनं पानी वतायचं न्हाय. हितं खाली ये. आपल्या हातानं पी."

बाबुराव खाली आले. माझ्यावर तिच्या शेजारी उभे राहिले, वाकले आणि प्यायले. वर आले तेव्हा हळू आवाजात, पुस्तकी नाही आणि मालवणीही नाही, अशा साध्या भाषेत म्हणाले, "झाली पायाभरणी."

मित्रांनो, पुढे गाव वाढले. माझ्याखाली आणि बाजूला आणखी पायऱ्या आल्या, घाट झाला. पण बादल्यांची रांग अजून माझ्यापासूनच सुरू होते. राधाआजी कितीतरी वर्षे रोज सकाळी घडा घेऊन आली. आता येत नाही. तिची पावले मला अजून ओळखता येतील. माझी अक्षरे कुणी वाचलेली नाहीत, त्याचे दुःख मी सोडून दिले आहे.

तुम्ही शाळा सुटल्यावर माझ्यावर बसून पेरू खाता, त्याला माझी ना नाही. पण फोडी आणि कागद तळ्यात टाकू नका. या पाण्यात हात घालायला एक बाई सत्तर वर्षे थांबली होती. आणि कधी कुणी काठावर उभा राहून पाणी मागू लागला, तर त्याला ओतून देऊ नका. थोडे सरका आणि त्याला खाली बोलवा. माझ्यावर दोघे सहज मावतात.